पाटलाच्या गाडग्यात एकही दाणा नाही

काका,

तुमच्या कॉलेजातून पत्र आलं आहे. तुमच्यावर अंक काढायचा आहे, घरच्यांपैकी कुणीतरी आठवण लिहून पाठवावी. अण्णांनी पत्र वाचून माझ्यापुढे सरकवलं. म्हणाले, "तूच लिही. तूच हिंडायचीस त्याच्याबरोबर."

तुमचा जन्म, शिक्षण, पदव्या दुसरे कुणी लिहितील. ते सगळं तुमच्या कपाटात एका बस्त्यात नीट बांधलेलं आहे, त्यांना पाठवून देता येईल. मला लिहायचं आहे त्याचा बस्ता नाही.

अजून महिना झालेला नाही. तुमची छत्री दाराआड तशीच टेकलेली आहे. कुणी ती हलवत नाही. मीही नाही, पण माझं कारण वेगळं आहे. मी तुमच्यावर रागावलेली आहे, आणि गेलेल्या माणसावर रागावलं की त्याच्या वस्तूंशी कसं वागावं हे मला कुणी शिकवलेलं नाही.

हैदराबादच्या इंग्रजी शाळेतून मी हिंगोलीला परत आले तेव्हा घरात माझ्याशी काय बोलावं हे कुणाला कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. माझं मराठी घरापुरतंच होतं आणि इंग्रजीचा इथे उपयोग नव्हता. आई म्हणायची, "हिला बोलायला पैसे पडतात का?" त्या हिवाळ्यात तुम्ही पुण्याहून आलात, दोन दिवस मला न्याहाळलंत आणि जेवताना अण्णांना म्हणालात, "ही मला दे. माझ्या कामाला अशीच मुलगी हवी. बोलत नाही, म्हणून बायका हिच्याशी बोलतील."

माझ्या न बोलण्याचं कुणी कौतुक केल्याची ती पहिली वेळ. ते मी विसरणार नाही. पुढचं लिहिताना हे आधी लिहिलं पाहिजे.

तुमचं काम तुम्ही मला रेल्वेच्या डब्यात समजावून सांगितलंत. कनेरगाव नाक्याच्या पलीकडे इंग्रजी मुलूख, वाशीम. तिथे नुकत्याच निवडणुका होऊन गेल्या होत्या. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना मत होतं. अलीकडे निजामाचा मुलूख, इथे मत ही वस्तूच कुणी पाहिलेली नाही. माती एक, पीक एक, सोयरिकी एकमेकांत. मग नाक्याच्या दोन्ही बाजूंची माणसं कारभाराबद्दल वेगळा विचार करतात का? हा तुमचा प्रश्न. "मत देऊन माणूस बदलतो का, की बदललेला माणूस मत मागतो?" तुम्ही म्हणालात आणि खिडकीबाहेर बघत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलात. माझ्याकडून उत्तराची अपेक्षा नव्हती. तरी मला वाटलं, मला विचारलं.

नाक्यावर शिपायानं तुमची पिशवी उघडली आणि छापील कागदांचा गठ्ठा वर काढला.

"ये क्या है?"

"सवाल आहेत."

"सवाल हैं, तो जवाब किधर हैं?"

"तेच आणायला चाललोय," तुम्ही म्हणालात. शिपाई इतका हसला की त्यानं आपल्यासाठी बाकावर जागा करून दिली. असे तुम्ही होतात. तुमच्या शुद्ध पुणेरी बोलण्यावर खेड्यातली माणसं हसायची आणि हसता हसता सगळं सांगून टाकायची.

साखऱ्याच्या पलीकडच्या त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथे आपण गेलो तो दिवस तुम्ही नंतर पुष्कळ सभांमधून सांगितला आहे. मी तो पहिल्यांदाच सांगते आहे.

तुमची रीत साधी होती. ज्याला लिहिता येत नाही त्यालाही गुपचूप मत देता आलं पाहिजे. म्हणून गाडगी. प्रत्येकाला एक हरभऱ्याचा दाणा. घोंगडीच्या आडोशामागे तीन गाडगी, तोंडाला फडकं बांधलेलं, फडक्याला चीर. गेरूनं काढलेलं पागोटं म्हणजे पाटील, पाटी म्हणजे शाळेचे मास्तर, घंटा म्हणजे देवळातले गुरव. गावाचा कारभार यांतल्या कुणाकडे असावा, एवढंच. खोटंखोटं मत. पुरुष चावडीवर तुमच्याकडे, बायका माझ्याकडे, पाटलांच्या घराच्या परसात.

पाटलांच्याच घरी, कारण अण्णांची, म्हणजे वकिलाची मुलगी दुसऱ्या कुणाच्या घरी उतरणार नव्हती. हे तुमच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही.

अकरा बायका जमल्या. पाटलीणबाई पाटावर बसल्या होत्या. त्यांची सून सगळ्यांच्या मागे उभी, कडेवर दीड वर्षाची मुलगी. त्या सुनेला मी इथे गिरजा म्हणते. मी गाडगी मांडली, खुणा समजावल्या. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मग एकीनं विचारलं, "ताई, हे तिघं बी गडीच काहून? बाईचं गाडगं न्हाई का?"

"कोनाचं मांडावं म्हनतीस?" दुसरी म्हणाली.

"आपल्या सुईनीचं मांडा की."

"मंग? सुईन कारभार करील का बाळंतपनं करील?"

"तुमचे कारभारी तरी दुसरं काय करून राहिले? कळा बायकायला, आन् वरडतेत हे!"

परसात इतका हशा झाला की कडेवरची मुलगी रडायला लागली. पाटलीणबाई म्हणाल्या, "हसा, हसा. भाईर ऐकू गेलं म्हंजे कळंल." पण त्याही हसत होत्या. मी चौथं गाडगं मागून घेतलं आणि त्यावर गेरूनं पाळणा काढला. जिच्या हातचं पाणी त्या अकरांपैकी एकही पीत नव्हती, तिच्यासाठी. तुमच्या नियमात हे बसत नव्हतं. तुम्हाला न विचारता मी केलेली ती पहिली गोष्ट.

एकेक जण आडोशाआड जाऊन आली. गिरजा सगळ्यात शेवटी. दाणा मुठीत धरून ती माझ्याजवळ थांबली.

"कोनाला कळंल का?"

"नाही," मी म्हटलं.

"देवाशपथ?"

मी शपथ घेत नाही. शाळेत ते वाईट समजत. पण तिच्या डोळ्यांकडे बघून मी हो म्हटलं.

मोजलं तर सुईणीला आठ, मास्तरांना तीन. बाकी दोन गाडगी रिकामी. मी चिठ्ठी लिहिली आणि चावडीच्या दारात येऊन तुमच्या हातात दिली. तुम्ही वाचलंत आणि तुमचा चेहरा असा उजळला की मलाही आनंद झाला. हो, काका, मलाही झाला. तो क्षण मी तुमच्यावर ढकलू शकत नाही. मग तुम्ही वळलात.

"पाटील, तुमच्या गावच्या पुरुषांनी तुम्हाला भरभरून मतं दिली. पण बायकांचं बघा! तुमच्या गाडग्यात एकही दाणा नाही!"

मागून कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी विचारलं, अगदी सहज, "आरं, पाटलीनबाईचा बी न्हाई?"

सगळ्यांच्या माना पाटलांकडे वळल्या. पाटील मात्र हसत होते. "बराबर हाय साहेब. बायकायचं काय घेऊन बसलात." त्यांनी आपल्याला गुळाचा चहा पाजला, बैलांच्या दमणीपर्यंत पोचवायला आले, तुमची छत्री स्वतः आत ठेवली. वाटेत तुम्ही गुणगुणत होतात. "इतका शुद्ध निकाल मी आजवर पाहिला नाही," म्हणालात. मी दमणीच्या मागच्या बाजूनं गावाकडे बघत होते. काहीतरी चुकलं आहे एवढंच मला कळत होतं. काय, ते सांगता येत नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले. तुम्हाला माझा तोच गुण आवडायचा.

पुढे पुण्याहून तुमचं पत्र आलं. सभेत तुम्ही त्या दिवसावरचा निबंध वाचलात. "तुझ्या अकरा बायकांनी सभा जिंकली." ते पत्र मी उशीखाली ठेवून झोपले होते.

उन्हाळ्याच्या तोंडी तुम्ही परत आलात आणि आपण पुन्हा कनेरगाव नाक्याला गेलो. मोटारीची वाट बघत लिंबाखाली बसलो होतो. समोरून गिरजा आली. डोक्यावर सरपणाची मोळी, ती एका हातानं धरलेली. दुसरा हात छातीशी दुमडलेला. कडेवर कुणी नव्हतं. मी उठून उभी राहिले. तिनं मोळी खाली टाकली आणि आपल्यापुढे उकिडवी बसली.

"वळखलं का, ताई?"

तिनं सांगितलं, आवाज न चढवता. आपली दमणी वेशीबाहेर पडायच्या आत पाटील घरी गेले होते. सासू म्हणाली, मी तर पागोट्याच्याच गाडग्यात टाकला होता, हिनं हात घालून काढला आणि सुईणीच्या गाडग्यात टाकला. नवऱ्यानं बैलं हाकायची पराणी घेतली. दोन बोटं आता मिटत नाहीत. आठव्या दिवशी तिला इथे माहेरी आणून सोडलं. मुलगी ठेवून घेतली. तिचा बाप दोनदा आणायला गेला. पाटलांच्या दारातून त्याला आत बोलावलं नाही.

"सासूनं बी सुईनीलाच टाकला व्हता," ती म्हणाली. "मला ठावं हाय. ती बी भ्याली. तिला काय म्हनू?"

आणि तुम्ही खिशातून वही काढलीत.

हे मी लिहू नये असं मला खूप वाटलं. दोनदा लेखणी खाली ठेवली. पण तुम्ही वही काढलीत आणि हळू, अगदी सभ्य आवाजात विचारलंत, "बाई, आता पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर तुम्ही दाणा कुणाला टाकाल?"

गिरजा तुमच्याकडे बघत राहिली. तुम्ही वेडे आहात की वाईट, हे तिला ठरवता येत नसावं.

"साहेब, माझी पोरगी तिकडं हाय."

तुम्ही वाट पाहिलीत. मग वहीत लिहिलंत. मी बाजूलाच होते, मला वाचता आलं. 'उत्तर दिले नाही.'

मोटारीत मी तुमच्याशी पहिल्यांदा भांडले. माझं भांडण म्हणजे चार वाक्यं. तुम्ही म्हणालात, "मी कुणाचंही नाव घेतलं नव्हतं." मी म्हटलं, "तुम्ही शून्य सांगितलंत. एक जरी दाणा असता तरी प्रत्येकीला तो माझा म्हणता आलं असतं. शून्य म्हटल्यावर अकराच्या अकरा जणींची नावं सांगितल्यासारखीच झाली." तुम्ही मान डोलावलीत. मला वाटलं, कळलं. मग म्हणालात, "मुद्दा चांगला आहे. पण पुढे काय झालं ते माझ्या अभ्यासाच्या कक्षेत येत नाही."

"तिची मुलगी?"

"पोरी, मी राज्यशास्त्राचा माणूस आहे."

पुढे निजामाच्या मुलखात लुटालुटीचे दिवस आले आणि आपल्या गल्लीतली निम्मी घरं नाका ओलांडून वाशीमला गेली. आपणही गेलो. तुम्ही पुण्याला जाऊन सुखात राहू शकला असतात. तुम्ही आमच्याबरोबर राहिलात, एका खोलीत सहा माणसं, पुस्तकं पत्र्याच्या पेटीत. आईला दमा उसळायचा तेव्हा रात्र रात्र तुम्ही बसायचात. माझं लिहिणं तुम्ही तिथेच सुधारलंत. 'वाक्य मराठीत सुरू कर, मराठीतच संपव,' म्हणायचात. आज हे लिहिताना प्रत्येक वाक्याला तुमची आठवण येते आणि माझा राग तिथे अडखळतो. तुम्ही वाईट असतात तर मला सोपं गेलं असतं.

त्याच खोलीत तुम्ही सातवं प्रकरण लिहिलंत, बायकांच्या मतावरचं. मी सुवाच्य अक्षरात उतरवलं. शेवटच्या पानाशी थांबून मी म्हटलं, "नंतरचं लिहा." तुम्ही म्हणालात, "प्रकरणाचा तोल जाईल." मी लेखणी खाली ठेवली. मग तुम्ही म्हणालात, "बरं. तळटीप घालू."

"आणि अण्णांना घेऊन त्या गावी जाऊ. पाटील त्यांचे पक्षकार आहेत."

"वातावरण निवळू दे. जाऊ."

वातावरण निवळलं. निजामाची राजवट संपली, आपण हिंगोलीला परतलो, रस्त्यावर माणसं एकमेकांना पेढे देत होती. पुढे सगळ्यांना मत मिळणार म्हणून तुम्ही लहान मुलासारखे वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत होतात. मी रोज विचारायचे, कधी जायचं. तुम्ही म्हणायचात, दिवाळी होऊ दे. दिवाळीनंतर तुम्हाला ताप आला तो उतरलाच नाही. एकविसाव्या दिवशी दुपारी मी कपाळावरची पट्टी बदलत होते, तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "रागावली आहेस का गं?"

मी म्हटलं, "नाही."

तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलले. आता वाटतं, खरं बोलले असते तर कदाचित तुम्हीही काही बोलला असतात. तुमच्याशी खरं बोलणारी घरात मी एकटीच होते, आणि त्या दुपारी मीही उरले नाही.

तेराव्यानंतर मी कागद चाळले. सातव्या प्रकरणाच्या शेवटच्या वाक्यावर तुम्ही पेन्सिलीनं एक फुली केली आहे. खाली, पानाच्या तळाशी, तळटिपेच्या जागी तशीच दुसरी फुली. तिच्यापुढे काही नाही. तुम्ही ती कधी केलीत मला माहीत नाही. ती बघून मी पहिल्यांदा रडले. तुम्ही गेलात त्या दिवशी रडले नव्हते.

त्या फुलीपुढे काय लिहावं हे विचारायला मी कनेरगावला गेले. एकटी. गिरजा वावरात होती. मी बांधावर उभी राहून सगळं सांगितलं; तुमचं पुस्तक प्रकाशकानं छापायला मागितलं आहे, त्यात तिची हकीकत घालावी का, कशी घालावी.

"साहेब गेले व्हय," ती म्हणाली. बांधाकडे आली. मग म्हणाली, "तुमी लोक लई इचारता, ताई. ह्यांव इचारू का त्यांव इचारू. कागदावर काय लिवायचं ते तुमचं तुमी बघा. मला माझी पोरगी पायजे. तुजा बाप वकील हाय का न्हाई?"

मी घरी आले. अण्णांशी मी कधी समोरासमोर काही मागितलेलं नाही. जे हवं ते आईकडून किंवा तुमच्याकडून. त्या संध्याकाळी ते पान लावत होते, मी समोर जाऊन उभी राहिले आणि सांगितलं.

"पाटील आपला पक्षकार आहे," अण्णा म्हणाले. "त्याच्या घरातल्या गोष्टीत मी पडू?"

"आपण पडलोच आहोत."

"मी नाही. तुझा काका."

"मग काकांचं सातवं प्रकरण मिळणार नाही. ते माझ्याकडे आहे."

त्यांच्या हातातलं पान तसंच राहिलं. "सगळं पुस्तक त्या प्रकरणावर उभं आहे. माझ्या भावाचं नाव अडवून धरतेस?"

"हो."

"ही भाषा कुठं शिकलीस?"

त्यांनी हातातलं पान तबकात ठेवलं. मग म्हणाले, "जाईन. पण एक. पुस्तकात एक ओळही वाढवायची नाहीस. त्यानं लिहिलं तसंच छापलं जाईल. कबूल?"

त्या फुलीपुढचं सगळं मी मनात लिहून ठेवलं होतं, काका. दोन वर्षं लिहीत होते. मी कबूल म्हटलं.

अण्णा परवा गेले आणि दिवस मावळायच्या आत मुलीला घेऊन परत आले. मी दमणीपाशी धावले. कसं झालं विचारलं, तर ते पागोटं काढत म्हणाले, "काही नाही. अर्धा तास बसलो, चहा घेतला. पाटील म्हणाले, 'न्या की. धाकल्यानं दुसरी केली, तिला पोरगा झाला. ही पोरगी कोनाला पायजे? वकीलसाहेब, तुमी आधी आला असता तं आधीच देली असती.'"

अर्धा तास, काका. आणि एक कप चहा.

तुम्ही दोन हिवाळे तो प्रदेश हिंडलात. चारशे माणसांना त्यांचं मत विचारलंत. पाटलांकडे जाऊन ती मुलगी आपल्यापैकी कुणी मागितली नाही, तुम्ही नाही आणि मीही नाही. आपण दोघं कक्षेवर वाद घालत बसलो.

काल मी मुलीला कनेरगावला नेलं. साडेतीन वर्षांची आहे. गिरजानं हात पुढे केले, तर ती माझ्या पातळाआड लपली आणि "आजीकडं जायचं" म्हणून रडायला लागली. गिरजा जमिनीवर बसली. जवळ ओढलं नाही तिनं. थोड्या वेळानं मला म्हणाली, "जाय तू आता, ताई. तू हायेस तवर ती तुज्याकडंच बघंल."

निघताना मी विचारलं, ही हकीकत मी दुसरीकडे कुठे लिहिली तर चालेल का. ती मुलीकडे बघत होती. "लिव," म्हणाली. "गावाचं नाव टाकू नको. माजं बी. सासू अजून तिथंच नांदती."

सातवं प्रकरण आज सकाळी अण्णांना दिलं. पेन्सिलीच्या दोन्ही फुल्या मी रबरानं पुसल्या; छापणाऱ्याला वाटलं असतं, काहीतरी राहून गेलं. तुमच्या पुस्तकात आता अकरा बायका आहेत, आठ दाणे आहेत, तीन दाणे आहेत आणि एक शून्य आहे. वाचणारे म्हणतील, काय धीट बायका. तुमचं नाव होईल. व्हावं असं मलाही वाटतं.

पुस्तकात एक ओळही वाढवायची नाही, असं अण्णांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं आहे. मी वाढवलेली नाही. हे तुमच्या कॉलेजच्या अंकासाठी आहे.